प्रकाशाची चाळणी

प्रकाशावांचून छायाचित्र निघत नाहीं, हें शाळकरी मुलगाहि सांगेल. परंतु आमच्या दख्खनच्या माळावर ज्यानें कधीं कॅमेरा हातीं धरला आहे, त्याला याच्या अगदीं उलट अडचणहि ठाऊक असते. भिंगारहून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे डोंगराच्या माथ्यावर सलाबतखानाची अष्टकोनी, तीन मजली कबर उभी दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चैत्र-वैशाखांत तिचें चित्र घेऊं जावें, तों आकाश पांढरें फटफटीत उतरतें, खडकांवर उन्हाची चकाकी पसरून राहते, आणि डोळ्यांना जो गंभीर देखावा दिसला त्याचा चित्रांत मागमूसहि राहत नाहीं. तेथें प्रश्न प्रकाश मिळविण्याचा नसतो. आहे तोच प्रकाश कमी कसा करावा, हा असतो.

प्रकाश कमी करण्याचे मार्ग दोन आहेत. एक मार्ग सरसकटीचा. भिंगापुढें धुरकट रंगाची कांच धरली कीं सगळाच प्रकाश सारख्या प्रमाणांत घटतो. मीठ अधिक पडलेल्या आमटींत पाणी ओतावें, तसा हा प्रकार. खारटपणा उतरतो, पण त्याबरोबर बाकीची चवहि उतरते. दुसरा मार्ग निवडीचा. जो प्रकाश नको आहे तेवढा अडवावा आणि हवा तो आंत येऊं द्यावा. हें काम करणाऱ्या कांचेस फोटोग्राफर लोक पोलरायझर म्हणतात. आपण तिला प्रकाशाची चाळणी म्हणूं. या चाळणीचा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्यांतील एक मोलाचें प्रकरण आपल्या मराठी मुलुखाच्या कडेला, एका मराठी संस्थानांत घडलें, हें पुष्कळांस माहीत नसतें.

प्रथम ही चाळणी काय चाळते तें पाहूं. प्रकाश ही लहर आहे. दोरीचें एक टोंक खुंटीस बांधून दुसरें हातानें हालविलें असतां दोरींतून लहर धांवते. हात वर-खालीं हालविला तर लहर उभी, डावी-उजवीकडे हालविला तर आडवी. आतां ही दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून नेली आहे अशी कल्पना करा. उभी लहर गजांमधून सुखरूप पलीकडे जाईल. आडवी लहर गजांवर आपटून तेथेंच मरेल. सूर्यापासून निघालेल्या प्रकाशांत उभ्या, आडव्या, तिरप्या अशा सर्व दिशांच्या लहरी सारख्याच मिसळलेल्या असतात. परंतु तोच प्रकाश पाण्यावरून, कांचेवरून अथवा ओल्या खडकावरून उसळला, किंवा हवेंतील सूक्ष्म कणांवरून विखुरला, म्हणजे त्यांत एका दिशेच्या लहरी अधिक आणि दुसऱ्या दिशेच्या कमी होतात. अशा प्रकाशास ध्रुवित प्रकाश म्हणतात. आपल्या डोळ्यांना ध्रुवित आणि साधा प्रकाश यांतील भेद सहसा कळत नाहीं. चाळणीला मात्र तो कळतो.

हा भेद मनुष्यास प्रथम दाखविला तो एका दगडानें. १६६९ सालीं कोपनहेगनच्या बार्थोलिन नांवाच्या पंडितानें आइसलंडांतून आलेल्या एका स्वच्छ स्फटिकाचें वर्णन प्रसिद्ध केलें. या स्फटिकांतून पाहिलें असतां प्रत्येक वस्तु दोन दिसे. स्फटिक कागदावर ठेवून फिरविला तर एक प्रतिमा जागच्या जागीं राही आणि दुसरी तिच्या भोंवतीं प्रदक्षिणा घाली. हा स्फटिक म्हणजे कॅल्साइट. त्यासाठीं आपल्याला आइसलंडास जावयाचें कारण नाहीं. आमच्या नगर जिल्ह्यांत विहीर खणतांना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून ज्या चकचकीत गारगोट्या निघतात, त्यांमध्यें कॅल्साइटहि असतो. त्यांतला एखादा निर्मळ तुकडा मिळाला तर तो पुस्तकावर ठेवून पाहावा. एका ‘क’ चे दोन ‘क’ होतात. हे दोन ‘क’ ज्या प्रकाशानें दिसतात तो दोन्ही ठिकाणीं ध्रुवित असतो, आणि त्यांच्या दिशा एकमेकींशीं काटकोनांत असतात. दगडानें एका किरणाची दोन वाटांनीं वांटणी केलेली असते.

या गोष्टीचा उलगडा होण्यास सुमारें १४० वर्षें लागलीं. १८०८ सालीं फ्रान्सचा एतियेन मालूस हा इंजिनियर पॅरिस येथील आपल्या घरांतून, समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलें मावळतें ऊन अशाच एका स्फटिकांतून पाहत होता. स्फटिक फिरवितां फिरवितां दोन प्रतिमांपैकीं एक मंद होत जाते असें त्याला आढळलें. कांचेवरून परतलेला प्रकाश आधींच निवडला गेलेला होता. हा प्रकाश किती अडतो याचा नियमहि मालूसनेंच बसविला. ध्रुवित प्रकाशाची दिशा आणि चाळणीची दिशा एकच असली तर सगळा प्रकाश पार जातो. दोहोंमध्यें ४५ अंशांचा कोन झाला तर निम्मा, ६० अंशांचा झाला तर चतुर्थांश, आणि ९० अंशांचा झाला तर कांहींच जात नाहीं. पुढें १८१५ सालीं स्कॉटलंडचा डेव्हिड ब्रूस्टर यानें कोणत्या कोनांतून परतलेला प्रकाश पूर्णपणें ध्रुवित होतो तें शोधून काढलें; पाण्याकरितां हा कोन, लंबापासून मोजला असतां, सुमारें ५३ अंश येतो आणि साध्या कांचेकरितां सुमारें ५६. १८२८ सालीं विल्यम निकोल यानें कॅल्साइटचे दोन तुकडे कापून, एकास एक चिकटवून असा लोलक तयार केला कीं त्यांतून एकाच दिशेचा प्रकाश बाहेर पडावा. ही पहिली खरी कामाची चाळणी. परंतु ती महाग, लहान आणि बोटाच्या पेराएवढी जाड. प्रयोगशाळेंत ठीक, छायाचित्राच्या कॅमेऱ्यास निरुपयोगी.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं युरोपांत प्रसिद्ध झाली आणि थोडक्याच काळांत मुंबईस पोंचली. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या पहिल्या पिढींतील आपले नामांकित फोटोग्राफर होत. त्याच १८५५ सालीं सरकारनें कॅप्टन बिग्ज यांस विजापूर आणि त्या बाजूच्या जुन्या इमारतींचीं चित्रें घेण्यास नेमिलें. त्या काळचीं चित्रें कोणी पाहिलीं असतील, तर घुमटाची नि कमानींची रेघ न् रेघ स्पष्ट, पण वर आकाश कोऱ्या कागदासारखें, असें त्यांत वारंवार आढळतें. दोष कारागिरांचा नव्हता. त्या वेळचीं रसायनें मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. निळें आकाश त्यांच्या लेखीं लख्ख पांढरेंच. आकाशांत ढग हवे असले तर दुसऱ्या पट्टीवरून आणून जोडावे लागत. प्रकाश अधिक झाला हें कळत होतें. तो निवडून कमी करण्याचें साधन हातीं नव्हतें.

आणि अशा वेळीं निसर्गानेंच एकदां मोठी चाळणी धरली. शके १७९० च्या श्रावणी अमावास्येस, म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ रोजीं, खग्रास सूर्यग्रहण झालें. त्याची छाया कोंकणच्या किनाऱ्यावरून दक्षिण महाराष्ट्र, जमखिंडी, विजापूर या वाटेनें गुंटूर आणि मच्छलीपट्टणपर्यंत गेली. खग्रासाच्या त्या थोडक्या मिनिटांत चंद्रबिंबाभोंवतीं जें मोतिया रंगाचें तेज दिसतें, त्यास करोना किंवा प्रभामंडल म्हणतात. तें एरवीं कां दिसत नाहीं? सूर्यबिंबाच्या तेजाच्या तुलनेनें तें सुमारें दहा लाखांश इतकेंच असतें, आणि उजळलेल्या आकाशांत तें बुडून जातें. चंद्र आड आला म्हणजे नको तो प्रकाश अडतो आणि हवा तो उरतो. त्या काळीं वाद असा होता कीं हें प्रभामंडल कोणाचें? सूर्याचें, चंद्राचें, कीं आपल्याच हवेंत पडलेला तो एक आभास?

जमखिंडी हें पटवर्धनांचें संस्थान. आतां तें कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांत मोडतें. तेथें लेफ्टनंट जॉन हर्शेल यांचा तळ पडला होता. प्रसिद्ध ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांचे हे चिरंजीव. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणांत अधिकारी होते. दिवस पावसाळ्याचे, ढग वारंवार आड येत होते. तरी मधल्या एका उघाडींत त्यांनीं वर्णपटदर्शकांतून सूर्याच्या कडेची तांबडी ज्वाळा पाहिली आणि तींत तीन तेजस्वी रेघा टिपल्या : एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. अशा सुट्या रेघा तापलेल्या वायूच्या असतात. यावरून ज्वाळा वायुरूप आहेत हें सिद्ध झालें. दुसरी कामगिरी त्यांच्यासोबतचे लेफ्टनंट कॅम्बेल यांजकडे होती. त्यांच्या दुर्बिणीस ध्रुवित प्रकाश ओळखणारें उपकरण जोडलेलें होतें. तें फिरवून त्यांनीं प्रभामंडल निरनिराळ्या बाजूंनीं पाहिलें. प्रकाश ध्रुवित निघाला. इतकेंच नव्हे, तर बैलगाडीच्या चाकाचे आरे जसे तुंब्याशीं मिळतात, तशी त्याची मांडणी सर्व बाजूंनीं सूर्याच्या मध्याशीं मिळत होती. गुंटूर येथील मेजर टेनंट यांच्या तुकडीलाहि असाच अनुभव आला.

या साध्या वाटणाऱ्या निरीक्षणाचें महत्त्व लक्षांत घेतलें पाहिजे. तो प्रकाश जर आपल्या हवेंतील आभास असता, तर त्याच्या दिशांनीं सूर्याच्या मध्याची इतकी काटेकोर ओळख ठेवण्याचें कारण नव्हतें. सूर्याभोंवतीं कांहीं तरी पसरलेलें आहे आणि त्यावरून सूर्याचाच प्रकाश विखुरून आपल्याकडे येतो, असा त्याचा अर्थ होता. स्पेनमध्यें १८६० च्या ग्रहणांत असेंच आढळलें होतें, पण त्याविषयीं शंका घेतल्या जात होत्या. जमखिंडी आणि गुंटूर येथील साक्षीनें पारडें सूर्याच्या बाजूनें झुकलें. तें ‘कांहीं तरी’ म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन, हें पुढील शतकांत कळलें. आणि त्या पातळ वायूची उष्णता दहा लाख अंशांच्या घरांत आहे, हें १९४० च्या सुमारास ध्यानांत आलें. परंतु पहिला धागा हातीं दिला तो प्रकाशाच्या चाळणीनें.

येथें एका लोकप्रिय समजुतीविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवितात. नॉर्मन लॉकियर यांनीं १८६८ च्या ग्रहणांत तेथून हेलियम वायु शोधला, असें सांगण्यांत येतें. वस्तुस्थिति अशी कीं १८६८ सालीं लॉकियर इंग्लंडांतच होते. ग्रहण नसतांनाहि सूर्याच्या ज्वाळांच्या रेघा पाहतां येतात हें त्यांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेथून दाखविलें. विजयदुर्गास ते आले तें ३० वर्षांनीं, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं. म्हणजे ओटे खरे, साहेबहि खरा. साल तेवढें चुकलें. मात्र हेलियमशीं आपल्या मुलुखाचा संबंध मुळींच नाहीं असें समजूं नये. १८६८ सालीं हर्शेल यांनीं जमखिंडीस जी नारिंगी रेघ पाहिली, तीच पुढें हेलियमची ठरली. हा मान किल्ल्याच्या ओट्यांकडून काढून घ्यावयाचा असेल, तर तो जमखिंडीच्या पदरांत घालण्यास हरकत नाहीं.

१८९८ च्या ग्रहणाची छाया तर महाराष्ट्राला आडवी छेदून गेली. विजयदुर्गाप्रमाणेंच सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर, वऱ्हाडांतील तळणी आणि वर्ध्याजवळील पुलगांव येथें पंडितांचे तळ पडले. हें जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यांतील रेल्वे-स्टेशनचें. आमच्या नगर तालुक्यांतील जेऊर नव्हे. तेथें पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आपलीं उपकरणें घेऊन आले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून ही वेधशाळा पुण्याच्या सायन्स कॉलेजांत उभी राहिली होती. शेजारींच अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनीं ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. हे कॅम्बेल निराळे. जमखिंडीच्या लेफ्टनंटशीं त्यांचा संबंध नाहीं. मुंबई-पुण्याकडे प्लेगनें कहर मांडला होता. अशा दिवसांत सुमारें दोन मिनिटांच्या काळोखासाठीं माणसें सातासमुद्रांपलीकडून आलीं. या वेळीं डोळ्याची जागा छायाचित्राच्या पट्टीनें घेतली होती. प्रभामंडलाचें आंतलें तेज फार आणि बाहेरचें अगदीं मंद; आंतलें बेताचें यावें म्हणून पट्टी क्षणभर उघडली तर बाहेरचें येत नाहीं, बाहेरच्यासाठीं पुष्कळ वेळ उघडली तर आंतलें जळून जातें. म्हणून एकाच ग्रहणांत कमी-अधिक वेळाचीं अनेक चित्रें घ्यावीं लागत. चांदबिबीच्या महालापुढें फोटोग्राफरास पडणारें कोडें आणि हें कोडें जातीनें एकच आहे.

चाळणी सामान्य माणसाच्या हातीं कशी आली, ती कथाहि मोठी चमत्कारिक आहे. १८५२ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं हेरापाथ नांवाचे डॉक्टर होते. हिंवतापावर दिली जाणारी कोयनेल एका कुत्र्याला दिलेली होती; त्याच्या मूत्रांत आयोडिन पडलें आणि हिरवट रंगाचे बारीक स्फटिक तयार झाले. दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडले कीं तेवढ्या जागीं काळोख होतो, असें सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलें. म्हणजे हे स्फटिक जन्मतःच चाळण्या होते. परंतु ते इतके नाजूक कीं मोठे वाढविण्याचे सर्व यत्न फसले. पुढें पाऊणशें वर्षांनीं अमेरिकेंतील एडविन लँड या तरुणानें प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक होत नसेल तर न होवो; कोट्यवधि सूक्ष्म स्फटिक एका पातळ पटलांत, शेतांतल्या ताटांसारखे एकाच दिशेनें बसवितां येतील कीं नाहीं? १९२९ सालीं त्यानें या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १९३८ मध्यें त्याहूनहि सोपी रीत निघाली : प्लॅस्टिकचें पटल एका दिशेनें ताणावयाचें आणि आयोडिनांत भिजवावयाचें. पटलाचे लांबट रेणू गजांसारखे एका रांगेंत उभे राहतात. पोलरॉइड या नांवानें जगभर पसरलेली ती हीच वस्तु. बोटाएवढ्या लोलकाच्या जागीं हातरुमालाएवढी चाळणी आली, आणि ती दोन कांचांमध्यें बसवून कॅमेऱ्यापुढें लावतां येऊं लागली. आज तर ती घराघरांत आहे. लॅपटॉपचा पडदा, गणकयंत्राची आंकड्यांची पट्टी यांत ती असते. पोलरॉइडचा चष्मा लॅपटॉपपुढें धरून हळूहळू फिरवावा. एका कोनांत पडदा काळा होतो.

आतां या चाळणीनें फोटोग्राफरास काय साधतें? साध्या प्रकाशाचा निम्म्याहून कांहींसा अधिक भाग ती अडवितेच. व्यवहारांत तिसरा ते चौथा हिस्सा आंत जातो. फोटोग्राफरांच्या भाषेंत हा दीड-दोन स्टॉपांचा फरक होय. अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याजवळ रंधा धबधबा आहे. त्याचें पाणी चित्रांत रेशमाच्या लडीसारखें यावें असें वाटलें तर झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. जेथें सेकंदाचा पंधरावा भाग पुरला असता, तेथें चतुर्थांश प्रकाश सोडणाऱ्या चाळणीमुळें सेकंदाचा सुमारें चौथा भाग मिळतो. शिवाय ओल्या खडकावरची चकाकी निघून जाऊन त्याचा काळा रंग आणि शेवाळाची हिरवळ खुलते. तें धुरकट कांचेला कधींच जमलें नसतें. तळ्याचा तळ, दुकानाच्या कांचेआडची वस्तु, चित्राच्या चौकटींतील तसबीर, या सर्वांवरची झगझग योग्य कोनांतून उभें राहिल्यास अशीच उतरते. तांब्या-पितळेच्या भांड्यांची चमक मात्र सहसा उतरत नाहीं. कारण धातूवरून परतलेला प्रकाश त्या रीतीनें ध्रुवित होत नाहीं.

आकाशाचें गणित थोडें निराळें आहे. सूर्यापासून ९० अंशांवर जो आकाशाचा पट्टा येतो, तेथील प्रकाश सर्वांत अधिक ध्रुवित असतो. सूर्याच्या जवळचा किंवा त्याच्या अगदीं समोरचा जवळजवळ नसतो. म्हणून चांदबिबीच्या महालाचें चित्र भिंगारकडून घ्यावयाचें तर सकाळीं सूर्य महालामागें असतांना चाळणीचा उपयोग नाहीं. संध्याकाळीं सूर्य पाठीशीं असतांनाहि नाहीं. माध्यान्हीं सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर येतो, तेव्हां पूर्व क्षितिज त्याच्यापासून नेमकें ९० अंशांवर असतें, मग ऋतु कोणताहि असो. हवा स्वच्छ असलेल्या हिंवाळ्याच्या दुपारीं चाळणी फिरवून पाहावी. महालामागचें आकाश गर्द निळें होतें. जी भर दुपार फोटोग्राफर एरवीं टाळतात, तीच येथें उपयोगीं पडते. मात्र इंद्रधनुष्य दिसलें तर जपून; त्याचाहि प्रकाश ध्रुवित असतो, आणि चाळणी भलतीकडे फिरली तर चित्रांतून धनुष्यच नाहींसें होतें.

दोन चाळण्या एकापुढें एक लावून त्यांतली एक फिरविली तर मालूसच्या नियमानें प्रकाश हवा तितका कमी करतां येतो. दुसऱ्या महायुद्धांत तोफखान्याच्या सैनिकांना उन्हाच्या रोखानें येणारीं विमानें पाहण्यासाठीं अशाच जोड-कांचांचे चष्मे दिले गेले होते. आज बाजारांत फिरवून गडद होणारे फिल्टर मिळतात, तेहि हेच. पार टोंकाला नेले तर ते चित्रावर काळा काट उमटवितात किंवा रंगाला जांभळट झांक आणतात. तेव्हां त्यांच्याकडून बेतानेंच काम घ्यावें.

श्रोतेहो, आतां या व्याख्यानांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. दोन चाळण्या काटकोनांत धरल्या कीं पलीकडचा दिवा दिसेनासा होतो. हें पाहून पुष्कळ हुशार मुलांच्या, आणि क्वचित् त्यांच्या वडिलांच्याहि, मनांत येतें कीं ग्रहण पाहण्यास ही फारच चांगली सोय आहे. ही समजूत डोळे घेणारी आहे. पोलरॉइडची चाळणी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापुरती चाळणी आहे. तांबड्या रंगाच्या पलीकडील अवरक्त किरण दोन काटकोनी चाळण्यांतूनहि मोठ्या प्रमाणांत पार जातात. पुढें काळोख दिसतो म्हणून बाहुली विस्फारते, पापणी मिटत नाहीं, आणि आंतल्या पडद्यावर सूर्याची उष्णता एकवटते. त्या पडद्याला वेदना कळत नाहींत. जळलें हें तत्काळ समजत नाहीं, आणि गेलेली दृष्टि बहुधा पूर्णपणें परतत नाहीं. काजळी धरलेली कांच, क्ष-किरणांची फिल्म, उन्हाचा चष्मा, यांचेंहि असेंच.

२ ऑगस्ट २०२७ रोजीं सायंकाळच्या सुमारास पश्चिम हिंदुस्थानांतून सूर्यग्रहण दिसावयाचें आहे. आपल्याकडे तें खंडग्रास आहे. म्हणजे उघड्या डोळ्यांनीं पाहण्यासारखा एक क्षणहि त्यांत येणार नाहीं. सूर्याकडे पाहण्यासाठीं दिसणारा प्रकाश सुमारें एक लक्षांशावर आणणारें आणि त्यासोबत अवरक्त किरणहि अडविणारें पटल लागतें. प्रमाणित ग्रहण-चष्मे किंवा वेल्डिंगची १४ क्रमांकाची कांच त्यासाठीं चालते. त्याहून सोपा उपाय पुठ्ठ्याला टांचणीनें भोंक पाडण्याचा. सूर्याकडे पाठ करून उभें राहावें आणि भोंकांतून आलेली कोर पांढऱ्या कागदावर पाहावी. अंगणांत झाडाखालीं पानांच्या फटींतूनहि अशाच शेंकडों कोरी जमिनीवर पडतात. मुलांना त्या दाखवाव्या. कॅमेरा सूर्यावर रोखावयाचा असला तर त्याच्या भिंगाच्याहि पुढें सौर पटल हवें, पोलरायझर नव्हे.

जुन्या घरांतून ग्रहणांत बाहेर पडूं नये असा दंडक असे. त्याची कारणें कांहींहि सांगितलीं जावोत, सूर्याकडे टक लावूं नये एवढा भाग त्यांत शहाणपणाचा होता. जमखिंडीला जे गेले त्यांनीं हा धाक सोडला, पण सावधगिरी सोडली नाहीं. आपल्या उपकरणाला काय कळतें आणि काय कळत नाहीं, याचा हिशेब त्यांनीं आधीं मांडला होता. त्यांचें काम आजहि चालू आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेलें आदित्य-एल१ हें आपलें यान ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटरांवर आपल्या जागीं पोंचलें. त्यावर पुण्याच्या आयुका संस्थेनें तयार केलेली एक दुर्बीण आहे. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेनें बनविलेल्या दुसऱ्या उपकरणांत सूर्यबिंब झांकून कृत्रिम ग्रहण घडविलें जातें आणि प्रभामंडलाचें निरीक्षण केलें जातें. त्या प्रभामंडलाच्या अवरक्त प्रकाशाचें ध्रुवीभवन मोजून तेथील चुंबकीय बलाचा अदमास घेण्याची योजनाहि त्यांत आहे. कॅम्बेल यांनीं ढगांच्या फटींतून जें थोड्या क्षणांत पाहिलें, त्यासाठीं आतां अमावास्येची वाट पाहावी लागत नाहीं.

तेव्हां कॅमेऱ्यापुढें ही कांच लावतांना ती आधीं डोळ्यांपुढें धरून एकदां सावकाश फिरवून पाहावी. आकाश, पाणी, ओला खडक, काय बदलतें आणि काय बदलत नाहीं तें लक्षांत घ्यावें, आणि सूर्याकडे मात्र ती कधींहि रोखूं नये. घरांत मुलें असतील तर त्यांच्या हातींहि ती द्यावी, आणि ही शेवटची अट त्यांना दोनदां सांगावी.